चार मीटरची शांतता

सकाळी सव्वाआठला केंद्राचं कुलूप उघडलं की ती सगळ्यात आधी खुर्ची मोजायची.

जमिनीपासून बैठकीपर्यंत त्रेचाळीस सेंटीमीटर. खिशातून पोलादी टेप काढायची, एका गुडघ्यावर बसायची, आधी पुढून मोजायची, मग मागून. त्यानंतर जमिनीवर चिकटवलेल्या दोन पिवळ्या पट्ट्यांमधलं अंतर. चार मीटर, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत. फरशी पुसणाऱ्या बाईंनी एकदा उखडलेली पट्टी आपल्या अंदाजाने परत चिकटवली होती आणि चार मीटर तीन सेंटीमीटरने वाढले होते. तेव्हापासून तिचा फरशीवरचा विश्वास उडाला होता. शेवटी वजनकाट्यावर पाच किलोचं लोखंडी वजन ठेवून बघायची, काटा पाचच म्हणतोय ना. मग वहीत नोंद आणि खाली सही.

"खुर्ची काय रात्रीत वाढते का हो, ताई?" डॉक्टर आत येता येता विचारायचे.

"माणसं रात्रीत खचतात डॉक्टर, खुर्चीचा काय भरवसा?"

हा संवाद आठवड्यातून दोनदा तरी व्हायचा आणि दोघांनाही त्याचा कंटाळा येत नसे. तिचं खरं नाव हजेरीपत्रकात होतं. बाकी सगळ्यांसाठी ती टेपताई.

त्याआधी सव्वीस वर्षं ती रुग्णालयाच्या वॉर्डात परिचारिका होती. उभं राहून राहून पायांच्या शिरा फुगल्या, म्हणून बसून करता येईल असं काम शोधत ती या केंद्रात आली. आणि इथेही दिवसभर उभीच राहिली, ते सोडा.

केंद्राचं काम ऐकायला सोपं होतं. सत्तरी ओलांडलेली दोनशे बारा माणसं दर सहा महिन्यांनी तिथे यायची. चार मीटर चालायची, हाताची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायची, एक यंत्र मुठीत आवळायची. टेपताई वेळ आणि जोर मोजून लिहायची. अशीच केंद्रं आणखी चार शहरांत होती. माणूस पडायच्या आधी त्याच्या चालण्यात नेमकं काय बदलतं, हे सगळ्यांना मिळून शोधायचं होतं. पडल्यावर घर धावतंच. पडायच्या आधी कुणी धावलं, तर हाड वाचतं.

पण त्यासाठी पाचही ठिकाणची मोजणी तंतोतंत सारखी हवी. पाच घरांतल्या पाच जणींनी एकाच चवीचं कालवण करायचं म्हटलं, तर प्रत्येकीच्या चिमटीतल्या मिठाचं वजन करावं लागतं. टेपताईला हे सांगावं लागत नसे. ती घरीही मीठ मोजून घालायची.

येणाऱ्यांना ती टोपणनावांनीच ओळखायची. एक घड्याळवाले आजोबा होते, पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केलेले, बोटं अजून चिमट्यासारखी. एक नाहीआजी होत्या. "आज मी चालणार नाही" म्हणायच्या आणि चालायच्या, "उठणार तर मुळीच नाही" म्हणायच्या आणि पाच वेळा उठायच्या. एकदा मनगटाला प्लास्टर असताना आल्या, आणि "मूठ आवळणार नाही" हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा खरं करून गेल्या.

चार वर्षं अशी गेली. मग एका सोमवारी मुख्य कार्यालयातून तपासनीसबाई आल्या. तिशीच्या आतबाहेरच्या, केस घट्ट बांधलेल्या, कामापुरतं हसणाऱ्या. त्यांनी लॅपटॉप उघडून डॉक्टरांपुढे सरकवला. पडद्यावर पाच केंद्रांच्या पाच रेघा होत्या. चार रेघा वर्षागणिक खाली उतरत होत्या, माणसांची चाल मंदावते तशा. पाचवी जवळपास आडवी होती.

"ही आमची?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमची. तुमच्याकडचे म्हातारे म्हातारे होतच नाहीत."

"इथलं पाणी चांगलं असेल."

"पाण्याने पाय हलके होत असते, तर मीच इथे बदली मागितली असती," तपासनीसबाई म्हणाल्या आणि हसल्या नाहीत. "कारण सापडलं नाही, तर या केंद्राची सगळी मोजणी अभ्यासातून बाहेर जाईल. मी शुक्रवारपर्यंत आहे."

टेपताई फायलींच्या कपाटापाशी उभी होती. दोनशे बारा माणसं, दोन-दोन बस बदलून आलेली. कुणी मुलाला रजा घ्यायला लावून आलेलं, कुणी वॉकर ढकलत. त्यातली एकोणीस आता नव्हती. त्यांना पुन्हा बोलावून पुन्हा चालवता येणार नव्हतं. त्यांनी जाताना मागे ठेवलेली पावलं याच कपाटात होती, आणि आता ती कुणी झाडून टाकणार होतं.

तीन दिवस तपासनीसबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघत राहिल्या. त्यांनी स्वतःच्या टेपने खुर्ची मोजली, त्रेचाळीस. पट्ट्या मोजल्या, चार मीटर. स्वतःचं स्टॉपवॉच टेपताईच्या स्टॉपवॉचशी ताडून पाहिलं. चूक दाखवायला आलेल्या माणसाला चूक सापडली नाही की जो चेहरा होतो, तो बुधवारी दुपारी त्यांचा झाला.

"खुर्ची रोज कुणी मोजत नाही, ताई. बाकीच्या केंद्रांत वर्षातून एकदा मोजतात."

"मग त्यांच्या रेघांचा भरवसा कसा धरता?"

बाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. पण संध्याकाळी त्यांनी लॅपटॉप पुन्हा उघडला तेव्हा आवाज बदललेला होता. "मी समोर असताना तुम्ही सतरा जण मोजलेत. ते सतराही इतर केंद्रांतल्या माणसांसारखेच निघाले. जेवढे मंद असायला हवेत तेवढे मंद. म्हणजे मी नसताना इथे काहीतरी वेगळं होतं. काय होतं?"

"काहीच नाही," टेपताई म्हणाली.

तिला दुसरं उत्तरच माहीत नव्हतं. पण ते शब्द खोलीत पडले आणि तिचे तिलाच खोटे वाटले. चार वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे कुणीतरी, आकडे घरी बसून लिहिणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघत होतं. डॉक्टरांनी टेबलावरचं पेन उचललं, झाकण काढलं, परत लावलं.

घरी आली तेव्हा कुकरची शिट्टी होत होती आणि नवरा सासूबाईंना खिडकीजवळच्या खुर्चीतून जेवणाच्या टेबलापर्यंत आणत होता. सासूबाई एक्याऐंशीच्या. नवरा शेजारून मुकाट चालत होता, हात पुढे धरून, जणू काचेचं भांडं नेतोय. सासूबाईंचे पाय फरशीवर घासत होते.

टेपताईने ताटं मांडता मांडता, मान वर न करता, रोजच्यासारखं म्हटलं, "चला आई, आलंच! अजून दोन पावलं. शाब्बास!"

आणि घासण्याचा आवाज थांबला. पाय उचलले गेले. दोन पावलांत सासूबाई टेबलाशी.

टेपताईच्या हातातलं ताट हातातच राहिलं.

"आई," ती म्हणाली, "परत खुर्चीपर्यंत जाऊन येता का?"

"आता? जेवायच्या वेळी कवायत?"

"एकदाच. माझ्यासाठी."

"हिला आता घरच्या लोकांचीही मापं काढायचीत," सासूबाई मुलाला म्हणाल्या, पण निघाल्या. त्या गेल्या तेव्हा टेपताईने तोंड गच्च मिटून घेतलं होतं. आल्या तेव्हा ती "चला, चला, छान!" म्हणत राहिली. हातात स्टॉपवॉच होतं. जायला अकरा सेकंद, यायला आठ.

"का हो आई? येताना एवढ्या झपाट्याने?"

"तू बोललीस की पाय ऐकतो. याच्याबरोबर चाललं की पाय म्हणतो, घाई कुणाला आहे?"

"म्हणजे खापर माझ्यावर," नवरा म्हणाला.

टेपताई हसली नाही. ती खाली बसली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. खुर्ची मोजली, फरशी मोजली, काटा मोजला. स्वतःची जीभ तेवढी मोजायची राहिली. समोरच्याचे पाय रेंगाळले, उठताना तिसऱ्या खेपेला मांड्या थरथरल्या, की तिच्या तोंडून आपोआप निघायचं, "अजून थोडं, जमतंय तुम्हाला, शाब्बास!" सव्वीस वर्षं वॉर्डात शस्त्रक्रियेनंतरच्या माणसांना पहिलं पाऊल टाकायला लावलेली ती जीभ. कोपऱ्यात पाहुणी बसली, तेव्हाच ती कामापुरती बोलली होती. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, ती धडधाकट माणसांना काही म्हणत नसे. जे थकलेले, त्यांनाच म्हणे. म्हणजे जे पडणार होते, नेमके तेच तिच्या आकड्यांत ठणठणीत दिसत होते.

जेवताना तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्यांना अजून कळलेलं नाही ना? मग झाकली मूठ सव्वा लाखाची. पाहुणीबाई जाईल शुक्रवारी."

"आणि आमची मोजणीही जाईल शुक्रवारी."

"सांगितलंस तर वाचेल?"

"नाही. सांगितलं तर कदाचित माझ्या नावासकट जाईल."

"मग?"

तिने पाण्याचा पेला फिरवला. "मूठ माझी असती तर झाकली असती. ही त्या चालून गेलेल्या माणसांची आहे."

सासूबाईंना अर्धंच ऐकू आलं होतं. त्या म्हणाल्या, "सांगून टाक. तुला पोटात ठेवता येत नाही, उगाच पित्त होईल."

गुरुवारी सकाळी तिने डॉक्टर आणि तपासनीसबाई दोघांना एकत्र बसवलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं. आवाज एकदाच अडखळला, 'शाब्बास' म्हणताना.

"अहो, पण माणसाला धीर देणं हा काय गुन्हा आहे?" डॉक्टर कळवळून म्हणाले.

"गुन्हा नाही. पण ज्याच्या घरी मदत पाठवायला हवी होती, तो माझ्या बोलण्याने बरा दिसला. मग मदत कशी जाणार?"

तपासनीसबाईंनी पहिल्यांदाच आपली वही मिटली. "तुम्ही सांगितलंत हे बरं झालं. खरंच. पण याने प्रश्न सुटत नाही, ताई. तुम्ही सगळ्यांनाच धीर दिला असता, तर एक ठरावीक फरक वजा करता आला असता. काहींना दिलात आणि काहींना नाही. कुणाला दिलात ते आता कसं कळणार?"

"लिहिलंय की."

"काय लिहिलंय?"

"धीर दिला, म्हणून." टेपताईला प्रश्नच कळला नव्हता. "वॉर्डात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पेशंटसाठी जे केलं ते लिहायचं. उशी सरकवली तरी लिहायचं."

तिने कपाट उघडलं. सुरुवातीची अडीच वर्षं मोजणी कागदी फॉर्मवर झाली होती, टॅब नंतर आले. प्रत्येक फॉर्मच्या तळाशी 'शेरा' म्हणून एक रिकामी ओळ होती. इतर केंद्रांत ती रिकामीच राहिली होती. इथे निळ्या शाईत, बारीक तिरक्या अक्षरांत भरलेली होती. 'पट्टीच्या मध्यावर धीर दिला.' 'चौथ्या उठण्याला धीर दिला.' 'धीर दिला, तरी थांबले. पाणी दिलं.' संगणकात आकडे चढवताना शेऱ्याला जागाच नव्हती, म्हणून तो कुणी चढवला नव्हता. वाचला तर मुळीच नव्हता.

तपासनीसबाई एक फॉर्म घेऊन खिडकीपाशी गेल्या. मग दुसरा. मग त्यांनी कपाटातला अख्खा गठ्ठा उचलला आणि कुणाला न विचारता जमिनीवरच, दोन पिवळ्या पट्ट्यांच्या मधोमध मांडी घालून बसल्या.

"डॉक्टर, तुम्ही वाचा, मी टाइप करते. ताई, तुम्ही फॉर्म द्या."

"चहा सांगू आधी?" डॉक्टर म्हणाले.

"सांगा. पण माझ्यात साखर दोन चमचे. मोजून."

हजाराच्या वर फॉर्म होते. शुक्रवारची संध्याकाळ झाली, तपासनीसबाईंची गाडी चुकली, पण काम संपलं. धीर दिलेल्या नोंदींतून धीराचा फरक वजा केल्यावर कागदी वर्षांची रेघ हळूच खाली कलली आणि इतर चौघींच्या शेजारी जाऊन बसली. डॉक्टरांनी टाळी वाजवली. टेपताईला मात्र त्या उतरत्या रेघेकडे बघून एकाच वेळी हायसंही वाटलं आणि वाईटही. ती रेघ म्हणजे शेवटी तिची माणसंच होती.

"टॅबच्या दीड वर्षाचं काय?" तिने विचारलं.

"टॅबवर शेरा नव्हता," तपासनीसबाई म्हणाल्या. "त्याबद्दल मी काही वचन देत नाही. निर्णय वरचे घेतील."

निर्णयाला दोन महिने लागणार होते. तोवर पाचही केंद्रांसाठी एक कार्ड तयार झालं. तपासनीसबाईंनी त्याचा मसुदा टेपताईलाच करायला लावला. 'नेहमी चालता तसं चाला. त्या पट्टीच्या थोडं पुढे जाऊन थांबा. मी "सुरू" म्हटलं की निघा.' बस्स. यापुढे पट्टी ओलांडेपर्यंत एक अक्षर नाही. सगळीकडे तेच शब्द, त्याच आवाजात.

लिहिणं सोपं होतं. पहिल्याच आठवड्यात घड्याळवाले आजोबा आले. त्यांची चाल गेल्या वेळेपेक्षा बरीच उतरली होती. अर्ध्या वाटेवर ते क्षणभर थबकले आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलं. दर वेळी जिथे तिचा शब्द यायचा, तिथे आज काही आलं नाही. टेपताईने जीभ दाताखाली धरली होती. तिच्या आयुष्यात चार मीटर एवढे लांब कधीच झाले नव्हते. आजोबांनी पाऊल उचललं, मग दुसरं, आणि पट्टी ओलांडली. सहा सेकंद आणि चार दशांश. गेल्या खेपेला पाच होते.

"रागावलात का माझ्यावर?" आजोबांनी विचारलं.

"नाही हो!" तिचा साठलेला सगळा धीर एकदम बाहेर पडला. तिने त्यांना खुर्चीत बसवलं, सगळं समजावून सांगितलं, आणि आपण आतापर्यंत कसं चुकलो तेही.

आजोबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "घड्याळ कानाशी धरलं की मी श्वास रोखायचो. बायको म्हणायची, गुदमराल एक दिवस. पण त्याशिवाय त्याची टिकटिक कळत नाही. आपलीच ऐकू येते."

"तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?"

"वाटलं की. पण सहा सेकंद लागले तर सहा लिहा. मला पाच लागतात असं मुलाला वाटतं, म्हणून तो मला बाथरूममध्ये पकडायला दांडा बसवून देत नाही. म्हणतो, बाबा, तुम्ही तर ठणठणीत आहात."

त्या दिवशी डॉक्टरांनी आजोबांच्या मुलाला फोन केला. आठवड्याभरात दांडा बसला. तो पक्का बसलाय का, हे बघायला आजोबांनी त्याला लोंबकळून पाहिलं म्हणे. त्याबद्दल टेपताईने त्यांना फोनवर चांगलंच झापलं. झापायला कार्डाची अट नव्हती.

हळूहळू तिने आपलं बोलणं एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवलं. पट्टी ओलांडेपर्यंत ती भिंतीसारखी गप्प. स्टॉपवॉच थांबलं की मग कौतुक, चौकश्या, थट्टा, सगळं. नाहीआजींना हे आवडलं नाही. त्या म्हणाल्या, "आता मी मुळीच येणार नाही." पुढच्या खेपेला पंधरा मिनिटं आधीच येऊन बसणार होत्या.

मुख्य कार्यालयाचं पत्र आलं तेव्हा टेपताई एका आजोबांची मूठ मोजत होती. डॉक्टर पत्र हातात घेऊन दारात उभे राहिले. तिने त्यांना नजरेनेच थांबवलं आणि तिन्ही वेळा मूठ आवळून झाल्यावर, आकडा लिहिल्यावरच मान वर केली.

कागदी वर्षांची मोजणी अभ्यासात राहणार होती, शेऱ्यांसकट. टॅबच्या दीड वर्षाची मुठीची मोजणी राहणार होती, चालण्याची आणि उठण्याची वगळली जाणार होती. पुढच्या महिन्यापासून पाचही केंद्रांच्या टॅबवर शेऱ्यासाठी जागा असणार होती. पत्राखाली तपासनीसबाईंची सही होती.

"आपल्या एकोणीस जणांचं काय?" टेपताईने विचारलं.

डॉक्टरांनी ते आधीच पाहून ठेवलं होतं. "चौदा जण कागदी वर्षांतच गेले. त्यांचं सगळं राहिलं. पाच जणांचं अर्धं गेलं."

त्या पाच जणांची नावं तिला फाईल न बघता ठाऊक होती. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "चौदा म्हणजे कमी नाही हो."

"कमी कशाने? मला तर वाटलं होतं सगळंच गेलं."

त्यानंतर ती त्या केंद्रात दीड वर्ष राहिली. दर दोन महिन्यांनी दुसऱ्या केंद्रांतली माणसं तिच्याकडे शिकायला यायची. ती त्यांना फार काही शिकवत नसे. स्वतःच खुर्चीत बसायची, म्हाताऱ्यासारखी उठायची, धडपडायची, आणि त्यांना गप्प राहायला लावायची. "बोललात! परत," असं म्हणायची. एका दांडग्या फिजिओथेरपिस्टला नवव्या खेपेला जमलं. तो म्हणाला, यापेक्षा मॅरेथॉन सोपी.

निवृत्तीच्या दिवशी डॉक्टरांनी चार ओळी लिहून आणल्या होत्या. चष्मा लावून ते वाचायला उभे राहिले, घसा खाकरला, आणि तेवढ्यात दार ढकलून एक आजी धापा टाकत आत आल्या. नव्याच होत्या, पहिल्यांदा आलेल्या, हातात घडी केलेला पत्ता. डॉक्टरांचा कागद हातातच राहिला. टेपताईने डॉक्टरांना हातानेच थांबायची खूण केली, पुढे होऊन आजींची पिशवी घेतली आणि म्हणाली, "जिना चढून आलात ना? मग आधी पाच मिनिटं नुसतं बसा."